मद्यपी चालकावरील खटला आणि निर्दोष सुटकेविरुद्धचे अपील : प्रस्तावना

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १८५ वाचायला सोपे आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे किंवा चालवू पाहणे हा गुन्हा. चालक झिंगला होता का, त्याची गाडी नागमोडी जात होती का, कोणाला धक्का लागला का, असे काहीही सरकार पक्षाला सिद्ध करावे लागत नाही. आकडा तिसाच्या वर गेला की गुन्हा पुरा होतो. इतके सुटसुटीत कलम असूनही प्रत्यक्ष लढवले गेलेले खटले न्यायालयात वारंवार ढासळतात, आणि एकदा ढासळलेला खटला वरच्या न्यायालयात पुन्हा उभा राहणे दुर्मीळ असते. याची कारणे कायद्याच्या भाषेपेक्षा नाकाबंदीच्या पहिल्या दोन तासांत जास्त सापडतात. म्हणून या विषयाचा अभ्यास अपिलापासून सुरू करता येत नाही. तो रस्त्यावरूनच सुरू करावा लागतो.

आधी शिक्षेचे पाहू. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होता. आता कैद तेवढीच, पण दंड सरळ दहा हजार रुपये. पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. ‘पर्यंत’ हा शब्द दंडापुरता गेल्यामुळे, दंड करायचाच तर तो कमी करण्याची मोकळीक न्यायाधीशाला उरली नाही. कलम २० प्रमाणे दोषी ठरलेल्या चालकाला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवणे न्यायालयावर बंधनकारक आहे. हातावर पोट असलेल्या टेम्पोवाल्याला किंवा टॅक्सीवाल्याला दंडापेक्षा ही अपात्रता जड जाते, आणि पुष्कळदा खटला लढवला जातो तो तिच्याचसाठी. सिग्नल तोडल्याचा दंड जागेवर भरून मोकळे होता येते, तसे इथे नाही. कलम २०० खाली तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत १८५ बसत नाही. प्रकरण न्यायालयातच जाते.

आता नाकाबंदी. कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारी वाजवी संशय असल्यास चालकाला श्वासाचा नमुना द्यायला सांगू शकतो. यंत्रही कोणतेही चालत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून मान्य केलेल्या प्रकारचेच लागते. यंत्र मोजते श्वासातले अल्कोहोल, आणि रक्तातला आकडा त्यावरून काढलेला असतो. साधारणपणे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढे एक मिलिलिटर रक्तात, असे प्रमाण गृहीत धरतात. नुकताच घोट घेतलेला असेल किंवा माउथवॉशने चूळ भरलेली असेल, तर तोंडात रेंगाळलेली वाफ आकडा फुगवते. यासाठी पंधराएक मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घेण्याची पद्धत आहे. प्रत्येक चालकासाठी नवी नळी, फुंकण्याआधी यंत्र शून्य दाखवते याची खात्री, छापून आलेल्या चिठ्ठीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, अधिकाऱ्याची आणि चालकाची सही, एवढे सगळे रात्री दीड वाजता, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, घाईत करायचे असते. पुढे वर्ष-दीड वर्षाने उलटतपासणीत याच चिठ्ठीचा कीस पाडला जातो. यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली होती? सहीखाली वेळ का नाही? ज्याने फुंकले तो हाच कशावरून? यंत्राची नोंद इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून मांडायची असेल, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. तो एक कागद राहून गेला म्हणून हरकत आली नाही असा खटला वकिलांना क्वचितच आठवेल.

कलम २०२ मध्ये एक अट आहे, तिच्याकडे तपासी अंमलदाराचे पहिले लक्ष हवे. १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे. नाही झाली तर तिला कोठडीतून सोडावे लागते. या घाईला शास्त्रीय कारण आहे. शरीर ताशी साधारण दहा ते वीस मिलिग्रॅम या वेगाने अल्कोहोल संपवत असते. रात्री अकरा वाजता पंचेचाळीसवर असलेला माणूस ताशी पंधराने उतरला, तर बारा वाजता बरोबर तिसावर येतो. कायदा म्हणतो तिसापेक्षा जास्त. म्हणजे त्या क्षणी घेतलेला नमुना त्याला सोडवतो. पोलीस ठाण्यात स्टेशन डायरीची नोंद, मग मेडिकलची यादी, मग गाडीची वाट पाहणे, यात तास सहज जातो.

सरकारी रुग्णालयात दोन गोष्टी होतात. डॉक्टर वास, बोलणे, चाल, बाहुल्या, नाडी यांची नोंद करतो आणि शिरेतून रक्त काढतो. महाराष्ट्रात या कामासाठी मुंबई दारूबंदी (वैद्यकीय तपासणी व रक्तचाचणी) नियम, १९५९ आहेत, आणि ते बारकाईने लिहिलेले आहेत. सुईची जागा स्पिरिटने पुसायची नाही, निर्जंतुक पाण्याने पुसायची. किमान पाच घन सेंटिमीटर रक्त घ्यायचे. कुपीत रक्त गोठू नये आणि नासू नये यासाठीची द्रव्ये आधीच असली पाहिजेत. कुपीवर नाव-तारखेची चिठ्ठी, वर मोहोर, आणि नमुना सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचलेला हवा. नासलेल्या रक्तात सूक्ष्मजीव स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात, त्यामुळे परिरक्षक द्रव्याची नोंद नसलेली कुपी बचाव पक्षाच्या पथ्यावर पडते. मुंबईतला नमुना कलिनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. पोलिसांच्या बोलीत तिथून येतो तो ‘सीए रिपोर्ट’. रुग्णालयातून प्रयोगशाळेपर्यंत कुपी कोणाच्या हातात होती, कोणत्या फ्रीजमध्ये होती, मुद्देमाल रजिस्टरला तिची नोंद कधी झाली, ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी अहवालातला आकडा लटका पडतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमधील अपघातानंतर तर नमुनाच बदलल्याचा आरोप होऊन डॉक्टरांना अटक झाली. त्या खटल्यात काय ठरायचे ते ठरेल. कुपीवर किती भिस्त असते हे मात्र त्या प्रकरणाने घरोघरी पोचवले.

महाराष्ट्रातील वाचकाने आणखी एक गुंता ध्यानात ठेवायला हवा. इथे मोटार वाहन कायद्याबरोबर दारूबंदी कायदाही लागू आहे, आणि दोघांचे आकडे वेगळे आहेत. दारूबंदी कायद्याच्या कलम ६६(२) मध्ये रक्तातले प्रमाण ०.०५ टक्के किंवा अधिक, म्हणजे शंभर मिलिलिटरला पन्नास मिलिग्रॅम, झाले की विना परवाना मद्यप्राशनाच्या आरोपात खुलाशाचा भार आरोपीवर येतो. चाळीस मिलिग्रॅमचा चालक १८५ खाली दोषी, पण या गृहीतकाच्या बाहेर. गोव्यात दारूबंदी नसल्याने हा प्रश्नच उद्भवत नाही.

उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात (१९६३) सर्वोच्च न्यायालयाने याच नमुन्यांचा विचार केला. दारूबंदी कायद्यातील कलम १२९-अ ची पद्धत हा रक्तातले अल्कोहोल सिद्ध करण्याचा एकमेव मार्ग नाही, असे बहुमताने ठरले. त्याच निकालात फेरखटल्याबद्दलही न्यायालय बोलले, आणि अपिलाच्या दृष्टीने तो भाग जास्त महत्त्वाचा आहे: सरकार पक्षाला आपल्या पुराव्यातील भोके बुजवता यावीत म्हणून फेरखटला देता येत नाही. पुढे बचुभाई हसनअली कारियानी खटल्यात (१९७१) तोंडाला वास, अडखळते बोलणे, लटपटती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या अशी डॉक्टरची साक्ष होती. रक्त रासायनिक तपासणीला गेलेही होते, पण अहवाल न्यायालयापुढे आला नाही. केवळ लक्षणांवरून आरोपी प्यायलेला होता असे निश्चित म्हणता येत नाही, असा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने काढला. अर्धशतक लोटले तरी बचाव पक्षाचे वकील हा निकाल खिशात ठेवून येतात.

चालकाने फुंकायलाच नकार दिला तर? मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०५ नुसार सबळ कारणाशिवाय दिलेला नकार हा सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती मानता येतो. पण पुष्टी द्यायला मुळात काही पुरावा हवा. नकार एकटा पुरत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नको, ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ची ढाल इथे फारशी उपयोगी पडत नाही. मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड (१९६१) मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने बोटांचे ठसे, हस्ताक्षर यांसारखे नमुने साक्षीच्या व्याख्येबाहेर ठेवले, आणि रक्ताच्या नमुन्याला पुढे तेच सूत्र लागू झाले.

न्यायालयात बहुतेक चालक गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि जातात. पहिला गुन्हा संक्षिप्त पद्धतीने चालवता येतो. तसा चालवला तर तीन महिन्यांहून जास्त कैद देता येत नाही. जे लढतात ते मुख्यतः तीन जागी मारा करतात: चाचणी, नमुन्याची साखळी, आणि स्टीअरिंगवर कोण होते. तिसरा मुद्दा दुर्लक्षिला जातो. नाकाबंदीत गाडी थांबवली तेव्हा चालक समोरच असतो, पण अपघातानंतर गाडीतून चौघे उतरून पळाले असतील, तर ‘चालवत होता’ हे दोन शब्द सिद्ध करणे हाच अख्खा खटला होतो. २८ सप्टेंबर २००२ च्या वांद्र्यातील अपघातात अभिनेते सलमान खान यांना सत्र न्यायालयाने ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष सुटका केली. ते गाडी चालवत होते आणि प्यायलेले होते, या दोन्ही गोष्टी संशयातीत सिद्ध झाल्या नाहीत असे उच्च न्यायालयाचे मत पडले, आणि रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही निकालात बोट ठेवलेले आहे. सुटका उच्च न्यायालयानेच केल्यावर सरकारला एकच दार उरते, अनुच्छेद १३६ खाली सर्वोच्च न्यायालयाची विशेष परवानगी. महाराष्ट्र सरकारने तेच ठोठावले.

माणूस मेला की १८५ मागे पडते आणि दुसरी दोन कलमे पुढे येतात. भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला (३०४-अ) दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६(१) खाली ती पाच झाली. मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असताना केलेले कृत्य असेल, तर जुने ३०४ भाग दोन, आताचे १०५, आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत. सुटकेविरुद्धची गाजलेली अपिले या दोन कलमांमधल्या अंतराभोवती फिरतात.

त्यांतले सर्वांत अभ्यासनीय प्रकरण मुंबईचे आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर चढली. सात मेले, आठ जखमी झाले. अ‍ॅलिस्टर परेरा या चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे शंभर मिलिलिटरला ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल निघाले. एप्रिल २००७ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला ३०४-अ खाली सहा महिने आणि पाच लाख दंड दिला, आणि ३०४ भाग दोनच्या आरोपातून सोडले. शिक्षा झाली होती, पण गंभीर आरोपापुरती ती निर्दोष सुटकाच होती, आणि तेवढ्या भागाविरुद्ध सरकारने अपील केले. सप्टेंबर २००७ मध्ये उच्च न्यायालयाने सुटका रद्द करून तीन वर्षे सक्तमजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयापुढे बचाव पक्षाने एक मार्मिक मुद्दा काढला: ठेवलेल्या आरोपात नशेचा उल्लेखच नव्हता. न्यायालयाने ती त्रुटी मान्य केली, पण त्यामुळे आरोपीची दिशाभूल होऊन अन्याय झाला असे दिसत नाही म्हणून ती घातक मानली नाही. १२ जानेवारी २०१२ रोजी तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या संजीव नंदा प्रकरणात (अपघात १९९९ चा, मृत सहा) उच्च न्यायालयाने ३०४-अ वर उतरवलेली दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ३०४ भाग दोनवर नेली; मात्र भोगलेली कैद पुरेशी धरून पन्नास लाख रुपये आणि दोन वर्षांची समाजसेवा एवढेच वर लादले. कलम चढले तरी शिक्षा चढेलच असे नाही.

सुटकेवर सरकारने अपील करण्याची तरतूद भारतात १८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून आहे. ज्युरीने सोडलेल्या आरोपीला पुन्हा हात लावायचा नाही, ही इंग्रजी परंपरा इथल्या राज्यकर्त्यांनी आणली नाही, आणि स्वातंत्र्यानंतरही ती आली नाही. अपील हा त्याच खटल्याचा पुढचा टप्पा मानला जातो, त्यामुळे अनुच्छेद २०(२) च्या दुहेरी खटल्याच्या मनाईत ते येत नाही.

आजची तरतूद म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४१९. जुन्या संहितेत ते ३७८ होते. तिच्यातली विभागणी मद्यपी चालकाच्या बाबतीत विचित्र परिणाम घडवते. दंडाधिकाऱ्याने दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात सुटका केली, तर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या निर्देशावरून सरकारी वकील सत्र न्यायालयात अपील करतो. बाकी सर्व सुटकांविरुद्ध राज्य सरकारचा निर्देश लागतो, अपील उच्च न्यायालयात जाते, आणि तिथेही आधी परवानगी घ्यावी लागते. कलम १८५ मध्ये विना वॉरंट अटक करता येत असली तरी गुन्हा जामीनपात्र आहे. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हाही जामीनपात्रच. परिणामी, दहा हजार दंडाच्या खटल्यात दोषी ठरलेला चालक जिल्ह्याच्या गावी सत्र न्यायालयात अपील करू शकतो, आणि तोच सुटला तर सरकारला मंत्रालय ओलांडून मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा कोल्हापूरच्या खंडपीठापर्यंत जावे लागते. खालच्या सरकारी वकिलाचा अभिप्राय, अभियोग संचालनालय, विधी व न्याय विभाग अशी फाइल फिरते. साध्या नाकाबंदीच्या केससाठी हा खटाटोप कोणी करत नाही, आणि त्यात गैर काही नाही. उच्च न्यायालयाचा वेळ ४२ मिलिग्रॅमच्या वादासाठी नाही. पण त्याचा अर्थ असा की १८५ च्या खटल्यात पहिली सुटका हीच व्यवहारात शेवटची ठरते.

अपघात असेल तर पीडिताची वाट निराळी आहे. डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने पीडिताला किंवा त्याच्या वारसाला सुटकेविरुद्ध स्वतंत्र अपिलाचा हक्क दिला. आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये आहे. हे अपील दोषसिद्धीविरुद्धचे अपील जिथे जाते तिथेच जाते. म्हणजे दंडाधिकाऱ्याने सोडलेल्या चालकाविरुद्ध मृताची पत्नी सत्र न्यायालयात जाते आणि सरकार उच्च न्यायालयात. मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला परवानगीची अट नाही असेही सांगितले. एकाच निकालावर दोन न्यायालयांत दोन अपिले, ही रचना विचारपूर्वक केलेली वाटत नाही. अपघात न झालेल्या खटल्यात मात्र पीडितच नसतो, आणि ही वाट बंद राहते.

अपील दाखल झाले की उच्च न्यायालय पुरावा नव्याने तोलू शकते. शिव स्वरूप खटल्यात (१९३४) प्रिव्ही कौन्सिलने हे स्पष्ट केले होते, आणि चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य (२००७) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सूत्रांची फेरमांडणी केली. अधिकार पूर्ण आहे. पण आरोपी मुळात निर्दोष मानलेला असतो आणि सुटकेने ते गृहीतक दुणावते. एकाच पुराव्यावरून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर खालच्या न्यायालयाने काढलेला निष्कर्ष बदलायचा नाही, मग वरच्या न्यायाधीशाला स्वतःला दुसरा अधिक पटत असला तरी. मद्यपी चालकाच्या खटल्याला हे लावून पाहावे. मोहोर तुटकी होती म्हणून दंडाधिकाऱ्याने अहवाल नाकारला असेल, तर तो वाजवी निष्कर्ष आहे, अपील पडते. मोहोर शाबूत असल्याचे अहवालातच नमूद असताना ते न वाचताच अहवाल नाकारला असेल, तर ती पुराव्याची उपेक्षा आहे, अपील टिकते. तिसाऐवजी पन्नासची मर्यादा लावून सोडले असेल, तर ती कायद्याची उघड चूक आहे आणि इतके स्वच्छ कारण अपिलाला दुसरे मिळणार नाही. परवानगीच्या अर्जात सरकारी वकिलाने हा फरक पहिल्या पानावर मांडायला हवा. पुनरीक्षण अर्जाने हे काम होत नाही. पुनरीक्षणात सुटकेचे रूपांतर दोषसिद्धीत करण्यास संहितेचीच मनाई आहे.

अपील मान्य झाले तर उच्च न्यायालय स्वतः शिक्षा देऊ शकते किंवा फेरखटला सांगू शकते. मधल्या काळात आरोपीला हजर करण्यासाठी वॉरंट काढून जामिनावर सोडता येते. शिक्षा दहा वर्षांहून कमी असल्यास त्याला सर्वोच्च न्यायालयात हक्काचे अपील नसते, विशेष परवानगीचीच वाट धरावी लागते.

मुदत कायद्याच्या अनुच्छेद ११४ प्रमाणे सरकारला सुटकेच्या आदेशापासून नव्वद दिवस मिळतात. उशिराला समाधानकारक कारण असेल तर तो माफ होतो, आणि फाइल विभागात अडकली होती हे कारण न्यायालये आता सहजासहजी स्वीकारत नाहीत. मुदत गेली आणि विलंबमाफी नाकारली गेली, की सुटका अंतिम होते आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ खाली त्याच गुन्ह्यासाठी त्या चालकावर पुन्हा खटला चालवता येत नाही.